ब्लॉक नाही असा कौल

डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं की घरात पेढे येतात. आमच्याकडेही आले. अँजिओग्राफी करून मला बदलापूरला, शिरगावच्या घरी आणलं, त्याच संध्याकाळी आमच्या यांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. शेजारच्या वहिनी 'सुटलात हो बाई' म्हणून गेल्या आणि मी पलंगावर बसून हसत होते. छातीत तेव्हाही दुखत होतं. पण सगळे इतके खुशीत होते, की आता दुखतंय म्हणणं म्हणजे भरल्या घरात अपशकुन करणं झालं असतं. मी गप्प बसणारी बाई नाही. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात माझा ब्लाऊज शिवायचा गाळा आहे, आणि माझ्या तोंडी लागायला नको म्हणून गिऱ्हाइकं मापात थोडंफार इकडेतिकडे झालं तरी मुकाट घेऊन जातात. त्या संध्याकाळी मात्र मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानेच पुढचं सगळं सुरू झालं.

दुखणं तसं जुनं होतं. गाळ्याचा जिना चढताना, कापडाचा गठ्ठा उचलताना, कधी एखाद्या बाईशी वाजलं की, छातीच्या मधोमध कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं जड व्हायचं. ते जडपण हळूहळू डाव्या जबड्यापर्यंत चढायचं. जरा थांबलं, बसलं, की ओसरायचं. बदलापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी मला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तेव्हा कागदावरच्या रेघा वाकड्या आल्या. मग मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी ठरली. मांडीतून तार घालून हृदयापर्यंत रंग सोडतात आणि कुठे अडलंय ते पडद्यावर बघतात, असं मला समजावलं. मी म्हटलं बघा बाबा, एकदाचं काय ते बघा.

त्याच्या आदल्या आठवड्यात माझा भाऊ मला माहेरी, पालेगावला, गावदेवीकडे घेऊन गेला. आमच्या घरात कुठलंही मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नाही. मूर्ती साधीच आहे, शेंदूर लावलेला काळा दगड. गुरवकाका तिच्या उजव्या नि डाव्या खांद्यावर तगरीची भिजवलेली एकेक कळी चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. मधलं उत्तर देवी देत नाही. दादा हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या भाषेत त्याने सरळ विचारलं, "आये, माझे बहिनीचे काळजान ब्लॉक हाय का?" डावी कळी अशी टपकन पडली, की जणू वाटच बघत होती. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाय, घाबरू नको. ब्लॉक नाय," तो म्हणाला. आणि आठवड्याने पडद्यावर बघून मोठे डॉक्टरही शब्दाला शब्द तेच बोलले, ब्लॉक नाही. देवी आणि मशीन एका तोंडाने बोलल्यावर कोण कशाला शंका घेईल? पेढे आले ते त्यामुळे.

त्यानंतरचे महिने मला आठवायला आवडत नाहीत. जिना तोच, जडपण तेच, आता मात्र त्याला घरात जागा उरली नव्हती. मी छातीला हात लावला की हे म्हणायचे, "अगं, गॅस असेल." हे स्वभावाने गरीब, मला टाकून बोलणारे नव्हेत. अंबरनाथला एका कंपनीत बॉयलरवर आहेत, काट्यावर आकडा दिसला की तो खरा, एवढा यांचा मशीनवर विश्वास. बहिणीने ओवा धाडला. शेजारच्या वहिनींनी हळूच सांगितलं, या वयात बायकांना होतं असं, मन कशात तरी रमवा. बदलापूरच्या डॉक्टरांनीही पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि झोपेची एक. सगळे मायेने बोलत होते, म्हणून तर जास्त लागायचं. रागावून तरी कोणावर रागावणार?

आणि माझ्या मनात आई होती. आईलाही असंच व्हायचं. शेतातून येताना बांधावर बसायची, छाती चोळायची, घरी आली की तिला हिंग-पाणी द्यायचो. एक दिवस बांधावर बसली ती उठलीच नाही. तिला काय झालं होतं ते कोणालाच कळलं नाही, कारण तिला काही झालंय असं कोणी धरलंच नव्हतं. मला मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती ही, की मी मेले तरी लोक म्हणतील, गॅस डोक्यात गेला बिचारीच्या. हळूहळू माझं मलाच खरं वाटेनासं झालं. दुखायला लागलं की मी स्वतःलाच दटावायची, नाटकं बंद कर म्हणून. देवीवर तर मी इतकी चिडले होते की तिच्याकडे जायचंच सोडलं. तूसुद्धा त्यांच्यातलीच, असं मी तिला शिलाईचं मशीन चालवता चालवता कितीदा तरी ऐकवलं.

शेवटी एका दुपारी मी गाळा बंद केला आणि कोणाला न सांगता पालेगावला गेले. एवढंसं गाव, पण आता सगळीकडे इमारतींचं काम चाललेलं, देवळापर्यंत सिमेंटच्या गाड्यांच्या मधून जावं लागलं. गुरवकाका एकटेच ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, मला परत कौल लावा. तेच विचारायचंय. देवीचं ऐकण्यात काहीतरी चूक झाली."

काकांनी मान हलवली. "एकदा घातलेला गाऱ्हाना परत घालीत नाय, पोरी. तिनं सांगितलं ते सांगितलं. तिला खोटी पाडायला बसली का तू?"

"मग मी काय करू? दुखतंय हो मला."

"ते मना नको सांगू, तिला सांग. पन दुसरा काय तरी विचार."

दुसरं काय विचारायचं? मी तिथेच खाली बसले. बसल्या बसल्या दादाचं वाक्य मनात घोळवलं आणि एकदम माझ्या ध्यानात आलं, की माझं दुखणं काय आहे हे देवीला कोणी विचारलंच नव्हतं. दादाने डॉक्टरांकडून ऐकलेला एक शब्द उचलला, ब्लॉक, आणि तेवढाच तिच्यापुढे ठेवला. ती बिचारी तेवढ्याचंच उत्तर देऊन मोकळी झाली. डॉक्टरांनीही तेवढंच शोधलं आणि तेवढंच सांगितलं. ब्लॉक नाही म्हणजे काहीच नाही, हे आमचं आम्ही ठरवलं आणि पेढे वाटले! मला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मनापासून आलं असेल.

काकांनी नव्या कळ्या लावल्या. मी उभी राहिले आणि या वेळी माझ्या तोंडाने मीच गाऱ्हाणं घातलं. "आई, हे दुखणं माझ्या मनाचं खूळ आहे का? असेल तर उजवी दे, मी परत कोणाला सांगणार नाही. नसेल तर डावी दे." मागच्या वेळी कळी टपकन पडली होती. आता दोन्ही चिकटून बसल्या. बाहेर सिमेंटचं मशीन घरघरत होतं, ते थांबलं, परत चालू झालं. काका म्हणाले, बस खाली. मी बसले नाही. मला वाटत होतं, उजवी पडली तर बरंच, निदान भांडण तरी मिटेल. मग उजव्या कळीवरून पाण्याचा थेंब ओघळला, ती हलली, आणि पडली ती डावी. काकांनी ती उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. मी तिथे जी रडले, जी रडले, ते सांगता येणार नाही. जगात कोणीतरी एकीने मला म्हटलं होतं, तुझं खरं आहे.

त्या दिवसापासून मी माझ्या मूळ स्वभावावर आले. घरी येऊन यांना स्पष्ट सांगितलं, "मशीन म्हणतं ब्लॉक नाही, कबूल. देवी म्हणते मनाचं नाही, तेही कबूल. आता या दोन्हींत न बसणारं जे काही आहे ते मला शोधायचंय." हे म्हणाले, "शोधायचं कुठे पण?" ते मला तरी कुठे माहीत होतं! मी म्हटलं, जिने एवढं सांगितलं ती पुढचंही सांगेल.

दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर एक सिंधी बाई आली. आधी कधी पाहिलेली नाही. लग्नाचं ब्लाऊज, घाईचं काम. वरच्या फळीवरचं अस्तर काढायला मी स्टुलावर चढले, उतरले आणि छाती धरून तिथेच टेकले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अदी, बैठ जा," ती म्हणाली. सिंधी बायका बहिणीला अदी म्हणतात. "इधर से उठता है? जबड़े तक जाता है? और सब बोलते हैं, गॅस है?" मी नुसती मान हलवली. "मेरे को भी यही बोला. अँजिओग्राफी एकदम साफ. दो साल मैं पागल बनके घूमी. फिर ठाणे में एक डॉक्टर मिला, उसने दूसरा फोटो निकाला." तिने डॉक्टरांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, वर दम दिला, "कल के कल जाना. और मेरा ब्लाऊज टाइम पे देना, हाँ." पुष्कळांच्या अनुभवात असं माणूस मदत करून जातं ते पुन्हा दिसत नाही. माझी बाई ठरल्या दिवशी हजर झाली आणि बाही घट्ट झाली म्हणून माझ्याशी चांगली कडाकडा भांडली. देवाने पाठवलेलं माणूसही बाहीवरून भांडतं, हे मला तेव्हा कळलं. बाही मी उसवून दिली आणि तिच्या पाया पडले, तर ती घाबरून मागेच सरकली.

ठाण्याचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही गॅस म्हणाले नाहीत. पट्ट्यावर चालल्याचा कागद परत परत पाहिला. मग म्हणाले, "आई, पहिल्या तपासणीत चूक काही नाही. पण रंग सोडला की नळीतून रक्त जायची वाट दिसते. नळीची भिंत कशी आहे ते दिसत नाही. आता सीटी स्कॅनचं नवं मशीन आलंय, त्यात भिंतसुद्धा दिसते. ते काढू." मला खरंच दुखतंय हे त्यांना पटवून द्यावं लागलं नाही, हेच माझ्यासाठी निम्मं औषध होतं.

आणि खरी परीक्षा त्या मशीनपाशी झाली. ते मशीन धडधडत्या हृदयाचा फोटो काढतं. धडधड जास्त असली की फोटो हलतो, म्हणून ठोके आधी कमी करावे लागतात. मला गोळी दिली, आडवं केलं, पडद्यावर ठोक्यांचा आकडा लावला. पण आकडा उतरेना. मी त्या आकड्याकडे बघायची आणि तो वर चढायचा. मनात एकच, आज दिसलं नाही तर? परत काहीच निघालं नाही तर? मग मी कोणाला तोंड दाखवू? तिथली मुलगी चांगली होती, दुसरी गोळी दिली, पाणी दिलं, शेवटी म्हणाली, "मावशी, टेन्शन घेऊ नका ना. नाही उतरले तर आज रद्द करायला लागेल." टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर कोणाचं कमी झालंय? यांनाही आत बोलावलं. हे माझ्या पायाशी उभे राहिले आणि सवयीने आकड्याकडेच बघायला लागले.

तिथे पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की मी देवीला सारखी अट घालतेय. दिसू दे, निघू दे, माझं खरं ठरू दे. म्हणजे आता मला आजार हवा होता! कोणत्या वेड्या बाईने देवाकडे आजार मागितला असेल? मला स्वतःचीच गंमत वाटली आणि कीवही आली. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आई, मी थकले गं. दिसलं तरी तुझं, नाही दिसलं तरी तुझं. मला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तू बघ, आणि तुला दिसतंय ना, झालं. एवढंच म्हटलं. जप नाही, मंत्र नाही, नवस तर नाहीच. अंग सैल पडलं, जबडा सुटला. किती वेळ गेला कोण जाणे, त्या मुलीचा आवाज आला, "हां मावशी, आता अस्संच राहा. उतरले बघा." गोळीला गुण यायला वेळ लागतो, तो त्या वेळी आला असेल. मी वाद घालत नाही. मी सुटले आणि ठोके उतरले, दोन्ही एकदमच झालं, एवढं मला माहीत आहे. मग शिरेतून औषध गेलं, सगळ्या अंगातून गरम लाट गेली, मशीनमधून आवाज आला, "साँस रोको," आणि मी श्वास धरला.

निकालाला हे बरोबर होते. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. करड्या रंगात माझ्या हृदयाच्या नळ्या दिसत होत्या, झाडाच्या फांद्या वळाव्यात तशा वळलेल्या. त्यांनी पेनाने दाखवलं. नळी मोकळी होती, रक्त जायला वाट होती, पण भिंतीच्या आत जागोजागी चरबीचा थर बसला होता. ते म्हणाले, "ब्लॉक नाही. पण आजार आहे, आणि खरा आहे. अशा नळ्या श्रम पडले की पुरेशा खुलत नाहीत, त्यांच्या पुढच्या बारीक नळ्याही आखडतात, म्हणून दुखतं. अशा माणसाला अ‍ॅटॅकही येऊ शकतो. ब्लॉक नाही म्हणून दुर्लक्ष केलं असतं तर अवघड होतं. आता औषधं चालू करू, वेळेत आलात."

हे पडद्याजवळ गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "स्केल धरलीय." डॉक्टरांना कळेना. हे म्हणाले, "आमच्या बॉयलरच्या ट्यूबला आतून क्षार धरतो साहेब, त्याला आम्ही स्केल म्हणतो. पाणी चालू असतं, काट्यावर सगळं बरोबर दिसतं, आणि ट्यूब आतून कामातून जात असते. हे तर मी रोज बघतो." आणि मग माझ्याकडे वळले. "म्हणजे तुला खरंच दुखत होतं गं." डॉक्टर शहाणे, काहीतरी निमित्त काढून बाहेर गेले. आजार आहे म्हणून कळल्यावर आनंदाने रडणारं माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी रडत होते आणि हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

दादाला सांगितलं तेव्हा तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "मीच चुकीचा विचारला, बाय." मी म्हटलं, चुकीचं कसलं, तुझ्या प्रश्नाला तिने खरं तेच उत्तर दिलं. ब्लॉक नव्हताच. आम्हा माणसांना दोनच उत्तरं ऐकायची सवय, आहे किंवा नाही, आणि तेही आम्हाला आवडेल तेच. ती मात्र विचारलं तेवढंच सांगते आणि उरलेल्यासाठी आपल्याला पायी चालायला लावते. ती चालायला लावते म्हणजे सोडून देते असं मला वाटलं होतं, म्हणून मी तिच्यावर चिडले. आता नाही चिडत.

लोक विचारतात, मग बरी झालीस का? चरबीची, रक्त पातळ ठेवायची अशा गोळ्या रोज घेते, सकाळी चालते, तेल-तूप हात आखडून घालते. दुखणं पुष्कळ कमी झालं, गेलेलं नाही. डॉक्टर म्हणतात राहील थोडंफार, सांभाळून घ्यायचं. देवीने मला त्यातून सोडवलं नाही. त्यात एकटी मात्र ठेवली नाही, आणि माझ्यापुरतं कृपा म्हणजे तेवढंच. कोणी बाई माझ्या गाळ्यावर येऊन म्हणाली, छातीत दुखतं पण सगळे मनाचं म्हणतात, की मी कात्री खाली ठेवते आणि आधी तिचं ऐकते.

परवा सकाळी आम्ही दोघं चालायला गेलो होतो. शिरगावच्या रस्त्याला थोडा चढ लागतो, तिथे जडपण आलं. मी काही बोलले नव्हते, हात छातीकडे नेला नव्हता, नुसती मंद झाले. हे थांबले. खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढून माझ्या हातात दिली, कुंपणाच्या कठड्यावर रुमाल पसरला आणि म्हणाले, "बस. दुखतंय ना?" मी म्हटलं, हो. ते शेजारी बसले. ओसरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो, आणि मी देवीला काहीच विचारलं नाही.